हृदयाची तहान आणि जिभेखालची गोळी



आमच्या ताडकळसच्या बाजारांत वडीलधाऱ्या मंडळींशीं बोलत उभें राहिलें असतां कोणाच्या तरी सदऱ्याच्या खिशांतून गोळ्यांची एक लहानशी पट्टी डोकावतांना दिसते. "ही कशाची?" म्हणून विचारावें, तर उत्तर येतें, "छातींत कळ आली कीं जिभेखालीं ठेवावयाची." तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं आजोबांच्या उशाशीं ही गोळी असेल. ती कोणत्या डबींत आहे हें घरांतील लहानग्यासही ठाऊक असतें; परंतु ती शरीरांत जाऊन नेमकें काय करते, हें मात्र कर्त्या माणसांसही बहुधा सांगतां येत नाहीं. हें अज्ञान निरुपद्रवी असतें, तर आम्हीं हा लेख लिहिण्याचा खटाटोप केला नसता.

कांहीं वर्षांपूर्वीं कापूस वेंचणीच्या दिवसांत आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस रानांतच छातींत कळ आली. घाम सुटला. शेजारच्या रानांतील एका स्नेह्यानें मोठ्या आपुलकीनें आपल्या खिशांतील गोळी त्यांच्या जिभेखालीं ठेवविली. गृहस्थ बांधावर उभेच होते. दोन-चार मिनिटांत त्यांच्या डोळ्यांपुढें अंधारी आली व ते खालीं कोसळले. सावध झाल्यावर कळ कमी वाटूं लागली, तेव्हां "गोळीचा गुण आला" असें म्हणून सर्वांनीं त्यांस घरीं आणून निजविलें. रात्रीं कळ पुन्हां उठली, तेव्हां कोठें परभणीस नेण्याची धांवपळ झाली. प्राण वांचले, परंतु मधल्या आठ-दहा तासांत हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला, तो पुन्हां जिवंत झाला नाहीं. आतां चार पायऱ्या चढल्या तरी त्यांस थांबावें लागतें. गोळी देणाऱ्याचा हेतु निर्मळ होता. उणीव होती ती ज्ञानाची. ती गोळी काय करते आणि काय करीत नाहीं, एवढें जरी त्या बांधावर कोणास ठाऊक असतें, तरी ते तास वांचले असते. तेंच ज्ञान या पाठांत क्रमानें मिळवूं.

हृदयाचा स्वतःचा पाट

हृदय हा रक्ताचा पंप होय, हें तुम्ही शाळेंत शिकलांच आहां. त्याच्या पोकळ्यांतून रात्रंदिवस रक्त वाहत असतें. मग साहजिकच वाटतें कीं, ज्याच्या पोटांत सदैव रक्त आहे त्यास रक्ताची वाण कशी पडावी? परंतु मोटेंतून शंभर शेतांस पाणी गेलें, म्हणून मोट ओढणाऱ्या बैलाची तहान भागत नाहीं. त्यास वेगळें पाणी दाखवावें लागतें. तद्वत् हृदयाची जाड मांसल भिंत आंतल्या रक्तावर पोसली जात नाहीं. महारोहिणी हृदयांतून जेथें निघते, तेथेंच तिच्या मुळापासून दोन रोहिण्या फुटतात, एक उजवी व एक डावी. डावीचे लगेच दोन मोठे फांटे होतात. या रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून वेलीसारख्या पसरून त्याच्या मांसांत शिरतात. यांसच डॉक्टर लोक कॉरोनरी म्हणतात. आम्ही त्यांस हृद्रोहिणी म्हणूं.

मनुष्याचें हृदय वजनानें सुमारें ३०० ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या देहाच्या केवळ शेंकडा अर्धा भाग असतें. परंतु विश्रांतीच्या वेळीं दर मिनिटास जें सुमारें ५ लिटर रक्त तें बाहेर टाकतें, त्यांपैकीं जवळजवळ पाव लिटर, म्हणजे शेंकडा ५ भाग, तें स्वतःकरितां ठेवतें. जो दिवसाकांठीं सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतो, त्या स्नायूची भूक मोठी असावी यांत नवल तें काय?

या रक्तपुरवठ्याच्या दोन विशेष गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, शरीराचे इतर भाग एकूण पाहतां रक्तांतील प्राणवायूचा सुमारें चौथा हिस्सा घेतात व बाकीचा परत पाठवितात. हृदय मात्र विश्रांतीच्या वेळींही सुमारें तीन-चतुर्थांश प्राणवायु काढून घेतें. म्हणजे त्याच्यापाशीं शिल्लक अशी फारशी नसते. काम वाढलें तर अधिक प्राणवायु मिळविण्यास त्यास एकच मार्ग उरतो, तो म्हणजे रक्ताचा प्रवाहच वाढविणें. निरोगी मनुष्य धांवूं लागला असतां हा प्रवाह चौपट-पांचपट होऊं शकतो. दुसरी गोष्ट अशी कीं, हृदय आवळलें जातें तेव्हां त्याच्या भिंतींतील बारीक वाहिन्याही त्या पिळांत सांपडतात. म्हणून डाव्या जवनिकेच्या भिंतीस रक्त मुख्यत्वेंकरून मिळतें तें हृदय सैल पडतें त्या क्षणीं. सर्व शरीरास रक्त मिळतें तें हृदयाच्या श्रमानें, आणि हृदयास स्वतःस मिळतें तें त्याच्या विसाव्यांत. ठोके फार जलद पडूं लागले कीं हा विसावा आखूड होतो, हें पुढें उपयोगी पडेल.

नळीचें गणित

आतां थोडें गणित करूं. सन १८४० च्या सुमारास प्वाझेय नांवाच्या फ्रेंच वैद्यशास्त्रज्ञानें बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो, याचे प्रयोग केले. त्यास असें आढळलें कीं, दाब व नळीची लांबी तीच ठेवली असतां प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. म्हणजे त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाहीं, चौथाईही होत नाहीं, तर सोळावा हिस्सा होतो. उलट त्रिज्या केवळ शेंकडा १९ नें वाढविली, तर प्रवाह दुप्पट होतो. १.१९ ला चार वेळां गुणून स्वतः पाहावें. रक्तवाहिन्या कांहीं कांचेच्या ताठ नळ्या नव्हेत, व रक्त हें निव्वळ पाणी नव्हे. म्हणून शरीरांत हा नियम तंतोतंत लागू पडत नाहीं. तथापि त्याचा मतितार्थ खरा आहे: वाहिनी केसभर रुंदावली किंवा अरुंदावली तरी प्रवाहांत फार मोठा फरक पडतो. या लेखांतील सर्व औषधांचें सामर्थ्य या एका नियमांत सांठविलेलें आहे.

हृद्रोहिणीचे मोठे फांटे तीन-चार मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यांतून निरोगी स्थितींत रक्त विनासायास वाहतें. प्रवाह किती असावा हें ठरविण्याचें काम त्यांच्या पुढील सूक्ष्म रोहिण्या करतात. त्यांच्या भिंतींत स्नायूंचे वेढे असतात. हृदयाचें काम वाढलें कीं ते सैल होतात व रक्त अधिक येतें. काम कमी झालें कीं ते आवळले जातात. कालव्याच्या चारीवरील दारें जशीं गरजेप्रमाणें उघडावीं व लावावीं, तशीच ही व्यवस्था आहे.

वाट अरुंद होते तेव्हां

वय, तंबाखू व विडी, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तांतील चरबी, यांच्या योगानें मोठ्या हृद्रोहिणीच्या भिंतींत चरबीचा थर सांचतो. विहिरीवरच्या जुन्या लोखंडी नळांत क्षार धरावा, तसा तो वर्षानुवर्षें वाढत जातो. आश्चर्य असें कीं, वाट निम्मी अरुंद झाली तरी बसलेल्या माणसास कांहींच जाणवत नाहीं. कारण पुढच्या सूक्ष्म रोहिण्या आपलीं दारें अधिक उघडून ती तूट भरून काढतात. परंतु अशा रीतीनें राखीव साठा रोजच्या खर्चांतच संपून जातो. मग तोच मनुष्य डोक्यावर ओझें घेऊन चढण चढूं लागला, कीं अधिक उघडण्यास दार उरत नाहीं. मागणी वाढते, पुरवठा तेवढाच राहतो, आणि उपाशी स्नायु आक्रोश करूं लागतो. हीच ती छातीची कळ. ती कधीं डाव्या हातांत, कधीं जबड्यांत, कधीं पाठींत जाते. थांबून विसावा घेतला कीं बहुधा ओसरते. इंग्लंडांतील वैद्य विल्यम हेबर्डेन यांनीं अठराव्या शतकांत तिचें वर्णन करून तिला अँजायना हें नांव दिलें.

हृदयाचा झटका ही याहून वेगळी व भयंकर गोष्ट होय. त्यांत चरबीचा थर फुटून त्यावर रक्ताची गांठ धरते व वाट बहुतेक पूर्ण बुजते. तेथें विसाव्यानें भागत नाहीं. त्या वाटेवर पोसला जाणारा स्नायु मिनिटामिनिटास मरूं लागतो. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला, त्याच्या ध्यानांत अर्धा पाठ आला.

स्फोटकांतून निघालेलें औषध

आतां गोळीकडे वळूं. तिचा इतिहास मोठा विलक्षण आहे. सन १८४७ मध्यें इटलींतील ट्यूरिन शहरीं आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञानें नायट्रोग्लिसरीन हा द्रव तयार केला. तो अत्यंत स्फोटक निघाला. परंतु त्याचा लेशमात्र जिभेस लागला तरी डोकें ठणकूं लागतें, हेंही त्याच्या लक्षांत आलें. पुढें आल्फ्रेड नोबेल यांनीं याच द्रवापासून सन १८६७ मध्यें डायनामाइट सिद्ध केलें. त्याच सालीं लॉडर ब्रंटन या तरुण डॉक्टरानें अमाइल नायट्राइट हुंगविल्यानें अँजायनाची कळ थांबते, असें प्रसिद्ध केलें. आणि सन १८७९ मध्यें लंडनच्या विल्यम मरेल यांनीं नायट्रोग्लिसरीन अत्यल्प मात्रेंत त्याच कामीं उपयोगी पडतें, हें दाखवून दिलें. स्फोटकांच्या कारखान्यांतील कामगारांस सुटीनंतर कामावर परततांच डोकेदुखी जडे व आठवडाभरांत संवयीनें ती जाई, हाही अनुभव पुढें नोंदला गेला. नोबेल स्वतः आयुष्याच्या अखेरीस हृदयरोगी झाले. सन १८९६ मध्यें डॉक्टरांनीं त्यांस तेंच नायट्रोग्लिसरीन घेण्यास सांगितलें, तेव्हां ही दैवाची थट्टाच होय, अशा अर्थाचें पत्र त्यांनीं एका मित्रास लिहिलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते वारले.

औषध गुण देई, परंतु तो कसा, हें पुढें शंभर वर्षें कोणास उलगडलें नाहीं. सन १९७७ मध्यें अमेरिकेंत फेरिड मुराद यांनीं दाखविलें कीं, या औषधापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायु निर्माण होतो व तोच वाहिनीचा स्नायु सैल करतो. सन १९८० मध्यें रॉबर्ट फर्चगॉट यांनीं सशाच्या रोहिणीवर प्रयोग करून सिद्ध केलें कीं, वाहिनीचें आंतलें नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ती विशिष्ट द्रव्यानें सैल होते. अस्तर खरवडून काढलें तर होत नाहीं. म्हणजे तें अस्तरच कांहीं तरी संदेश पाठवीत असलें पाहिजे. तो संदेश म्हणजेही नायट्रिक ऑक्साइडच, असें फर्चगॉट व लुई इग्नारो यांच्या संशोधनानें ठरलें. या तिघांस सन १९९८ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या द्रवावर नोबेल यांची संपत्ति उभी राहिली, त्याचेंच कोडें सोडविणारांस त्यांच्या नांवाचें पारितोषिक मिळावें, हा योग खरोखर अपूर्व होय. आणि यांतील मर्म असें: गोळी शरीरांत परकें असें कांहीं करीत नाहीं. निरोगी वाहिनीचें अस्तर जो संदेश स्वतः पाठवीत असतें, तोच संदेश ती बाहेरून आणून देते.

गोळी प्रवाहाचें काय करते?

पोटांत गिळलेलें औषध प्रथम यकृतांतून जातें, व तेथें नायट्रोग्लिसरीनचा बहुतेक भाग नाश पावतो. जिभेखालच्या पातळ त्वचेंतून मात्र तें थेट रक्तांत उतरतें व एक ते तीन मिनिटांत काम करूं लागतें. याच जातीचें आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, ज्यास आपल्याकडे लोक सॉर्बिट्रेट या नांवानें ओळखतात, तें किंचित् सावकाश लागू पडतें व अधिक वेळ टिकतें.

येथें बहुतेकांची एक समजूत चुकते. आपणांस वाटतें, गोळीनें हृद्रोहिणी रुंद होतात, भरपूर रक्त येतें, व कळ थांबते. यांत तथ्य आहे, पण तें थोडें. गोळीचा सर्वांत मोठा परिणाम हृदयावर नसून शरीरांतील नीलांवर, म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या शिरांवर होतो. त्या सैल होऊन रक्त हातापायांत व पोटांत मुरून राहतें. हृदयाकडे कमी रक्त येतें. तें कमी फुगतें. त्याच्या भिंतीवरील ताण उतरतो. आणि त्यास प्राणवायूच कमी लागतो. म्हणजे पुरवठा वाढण्यापूर्वीं मागणी घटते! शिवाय आंतील दाब उतरल्यामुळें भिंतीच्या सर्वांत आंतल्या थरांतील चेंगरलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात व त्या उपाशी थरास रक्त पोहोंचूं लागतें. तिसरें कार्य हें कीं, मोठ्या हृद्रोहिणी व एका फांट्यातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आडवाटा यांचे स्नायु सैल होतात. एखादी रोहिणी नुसत्या पेटक्यानें आवळली असेल तर ती सुटते. या सर्वांचा परिणाम असा कीं, हृदयांत येणारें एकूण रक्त फारसें न वाढतांही, जेथें गरज आहे तेथें तें जातें.

बांधावर उभे असलेले ते गृहस्थ कां कोसळले, याचें उत्तर आतां तुम्हांस देतां येईल. उभ्या माणसाच्या शिरा एकाएकीं सैल पडल्या, रक्त पायांत उतरलें, रक्तदाब खालीं आला आणि मेंदूस रक्त पोहोंचेना. म्हणून ही गोळी नेहमीं बसून घ्यावयाची असते.

टेलच्या रानाचा दृष्टांत

कोणी विचारील, "मग सूक्ष्म रोहिण्याच धडाक्यानें उघडणारें औषध दिलें तर? प्रवाह पुष्कळच वाढेल कीं!" प्रश्न रास्त आहे. अशीं औषधें आहेतही. अडेनोसिन व डायपिरिडामोल हीं त्यांपैकीं होत. त्यांनीं हृदयाचा एकूण रक्तप्रवाह निरोगी माणसांत कित्येक पटींनीं वाढतो. परंतु अँजायनाच्या रोग्यास त्यांनीं आराम पडत नाहीं. उलट कधीं कळच येते. हें कसें?

आमच्या परभणी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांस हें सांगणें कठीण नाहीं. जायकवाडीचा डावा कालवा घ्या अथवा पूर्णा प्रकल्पाचा कालवा घ्या; एका चारीवर वरच्या बाजूस दहा रानें व अगदीं शेवटीं टेलचें एक रान आहे अशी कल्पना करा. टेलच्या वाटेंत गाळ सांचलेला आहे. तेथील शेतकऱ्यानें आपलें दार आधींच पूर्ण उघडून ठेविलें आहे, म्हणून कसेंबसें पाणी पोहोंचतें. आतां वरच्या दहाही जणांनीं आपापलीं दारें एकदम सताड उघडलीं, तर काय होईल? चारींतून एकूण पाणी पुष्कळ वाहील, परंतु दाब उतरेल व टेलचें रान कोरडें पडेल. हृदयांतही तसेंच होतें. रोगट भागाच्या सूक्ष्म रोहिण्या आधींच पूर्ण उघडलेल्या असतात. औषधानें उघडतात त्या निरोगी भागाच्या. भरल्या घरीं अधिक भर पडते व उपाशी भागाच्या तोंडचा घांस जातो. डॉक्टर लोक यास रक्ताची चोरी असेंच म्हणतात.

शास्त्राची खुबी अशी कीं, या दोषाचाच उपयोग करून घेतला जातो. हृदयाच्या तपासणींत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हींच औषधें मुद्दाम देऊन चित्रें घेतात. निरोगी भागांत प्रवाह वाढतो, अरुंद वाटेच्या भागांत वाढत नाहीं, आणि चित्रांत तो भाग उणा दिसतो. ज्या रोग्यास चालतां-धांवतां येत नाहीं, त्याचा दोष अशा रीतीनें बसल्या जागीं उघडा पडतो. सारांश, एकूण प्रवाह किती, एवढाच प्रश्न पुरेसा नाहीं. तो कोणाच्या वाट्यास किती, हा खरा प्रश्न होय. आणि हें केवळ हृदयासच लागू आहे असें नाहीं.

बिरवाडीचा धडा

वाहिन्या सैल करून हृदय वांचविण्याचें एक थोर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें, व तें घडविणारे गृहस्थ आपल्याच मराठवाड्यांतील आहेत. डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यांतील देहेड गांवचे. नागपुरास वैद्यकीय शिक्षण घेऊन ते सन १९७६ मध्यें रायगड जिल्ह्यांत महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. कोंकणांत लाल विंचवाच्या दंशानें माणसें, विशेषतः लहान मुलें, पटापट दगावत. हा मृत्यु कशानें येतो हें नीट माहीत नव्हतें. बावस्कर रोग्यांच्या उशाशीं रात्र रात्र बसून नोंदी करूं लागले. घाम, उलट्या, थंडगार हातपाय, आधीं चढणारा रक्तदाब, जलद नाडी, आणि शेवटीं फुप्फुसांत पाणी भरून येणारा मृत्यु, असा क्रम त्यांस दिसून आला. मारेकरी होतें तें हृदयच. म्हणजे हृदयाचें थकून जाणें. त्यांच्या या नोंदी सन १९८२ मध्यें लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकांत छापून आल्या.

विंचवाचें विष मज्जातंतूंस चेतवून शरीरांत अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचें वादळ उठवितें. त्यामुळें सर्व शरीरांतील रोहिण्या घट्ट आवळल्या जातात. हृदयास बंद दारांवर धडका देत रक्त ढकलावें लागतें. ठोके जलद पडल्यानें विसावा आखूड होतो व हृद्रोहिणींतून त्याच्या वाट्यास येणारें रक्त त्याच्या वाढलेल्या भुकेस पुरत नाहीं. अशा वेळीं हृदयास उत्तेजक देणें म्हणजे चिखलांत रुतलेल्या गाडीच्या बैलांस चाबूक मारणें होय. बावस्करांनीं गाडीवरचें ओझें उतरविण्याचा मार्ग धरला. अत्यवस्थ रोग्यांस त्यांनीं सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेवाटे दिलें. तें औषधही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेनें काम करतें. परंतु तें देण्यास सतत देखरेख लागते. पुढें त्यांनीं प्राझोसिन ही रक्तदाबावरील साधी, स्वस्त, तोंडानें घ्यावयाची गोळी वापरून पाहिली. अॅड्रिनलिनसारखीं द्रव्यें वाहिनीच्या ज्या कुलपास किल्ली लावून ती आवळतात, तें कुलूपच ही गोळी झांकून टाकते. वाहिन्या सैल होतात, हातपाय ऊबदार होतात, हृदयाचा भार हलका होतो. हा अनुभव सन १९८६ मध्यें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. गंभीर दंशांत पूर्वीं शेंकडा ४० पर्यंत गेलेलें मृत्यूचें प्रमाण या उपचारानें शेंकडा १ च्या आसपास आलें.

त्यांच्या चरित्रांतील आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. प्राझोसिनचें यश पदरीं असतांही त्यांनीं शोध थांबविला नाहीं. त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावस्कर यांनीं ७० रोग्यांवर तुलनात्मक प्रयोग केला. निम्म्यांस केवळ प्राझोसिन, निम्म्यांस त्याबरोबर विंचवाच्या विषावरील लसही दिली. एकट्या प्राझोसिननें बरें होण्यास सरासरी सुमारें १८ तास लागले. दोन्हीं मिळून दिलीं तेव्हां सुमारें ८ तास. हा निष्कर्ष त्यांनीं सन २०११ मध्यें 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें छापला. आपल्याच उपायास आणखी जोड हवी, हें आपल्याच हातानें सिद्ध करून सांगणें, हीच शास्त्रज्ञाची खरी कसोटी. सन २०२२ मध्यें भारत सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. मोठी प्रयोगशाळा जवळ नसतांही मोठें काम होतें. त्यास हवा असतो एक नोंदवहीचा, जागरणाचा व प्रामाणिकपणाचा नेम.

घरीं लक्षांत ठेवण्याच्या गोष्टी

विद्या ही उपयोगास आली तरच ती विद्या. म्हणून या पाठाचें सार तुम्हीं आज सायंकाळीं घरीं वाचून दाखवावें, अशी आमची इच्छा आहे.

छातींत कळ येतांच हातांतलें काम टाकून बसावें. डॉक्टरांनीं ज्यास गोळी लिहून दिली आहे, त्यानेंच ती बसून जिभेखालीं ठेवावी. शेजाऱ्याची गोळी घेऊं नये, व देऊंही नये. एका गोळीनें पांच मिनिटांत कळ थांबली नाहीं, किंवा कळ नवीन व तीव्र असेल, तर वाट न पाहतां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व परभणी, नांदेड अथवा जवळ असेल तें रुग्णालय गांठावें. कळ ओसरली तरीही डॉक्टरांस दाखविल्यावांचून राहूं नये; कारण गोळी मागणी घटविते व आवळलेली वाट सैल करते, परंतु रक्ताची गांठ विरघळविण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं. गांठीवरील उपचार रुग्णालयांतच होतो, व त्याचें मोल पहिल्या तासांत सर्वांत अधिक असतें. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांस झटका येतांना कळ न येतां नुसती धाप, मळमळ किंवा घाम येऊं शकतो, हेंही विसरूं नये.

रक्तदाब आधींच फार उतरलेला असेल तर ही गोळी घातक ठरते. सिल्डेनाफिलच्या वर्गांतील औषध घेतलेल्या माणसानें ती मुळींच घेऊं नये. कारण दोन्हींचा परिणाम एकवटून रक्तदाब जीवघेणा खालीं येतो. अशीं औषधें चालू असल्यास संकोच न धरतां डॉक्टरांस सांगावें. नायट्रोग्लिसरीनची गोळी हवा, ऊन व दमटपणा यांनीं निकामी होते. ती तिच्या मूळच्या बंद कुपींतच ठेवावी व मुदत पाहत जावी. घामानें भिजलेल्या खिशांत वर्षभर फिरलेल्या गोळीवर भरंवसा कसला?

विंचू चावल्यास जखम कापणें, चोखणें, आवळून बांधणें यांत, किंवा उतारा करण्यांत वेळ दवडूं नये. मुलास धीर देऊन, चालूं न देतां, थेट आरोग्य केंद्रांत न्यावें. घाम, उलट्या व थंड हातपाय हीं तेथील डॉक्टरांस आवर्जून सांगण्याचीं लक्षणें होत. प्राझोसिनची मात्रा वजनावरून ठरते. ती ठरविणें हें डॉक्टरांचेंच काम.

समारोप

त्या दिवशीं बांधावर आपुलकी होती, गोळीही होती. नव्हतें तें एवढेंसें ज्ञान. पुढच्या वेळीं अशाच एखाद्या बांधावर तुमच्यापैकीं कोणी उभा असेल. "आजोबा, आधीं खालीं बसा. गोळी तुमचीच आहे ना? मी १०८ ला फोन लावतो," एवढीं तीन वाक्यें त्याच्या तोंडून निघालीं, तर या पाठाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. एका नळीची त्रिज्या २ मिलिमीटरवरून दीड मिलिमीटर झाली. बाकी सर्व तेंच असतां प्रवाह सुमारें एक-तृतीयांश उरतो, हें पडताळून पाहा.

२. धांवल्यानें नाडी जलद झाली असतां हृदयाच्या भिंतीस रक्त मिळण्याचा वेळ वाढेल कीं घटेल? कारण द्या.

३. टेलच्या रानाच्या दृष्टांतांतील चारी, दार, गाळ व टेलचें रान यांच्या जागीं हृदयांत काय काय येतें, तें लिहा.

४. गोळीनें कळ थांबली, म्हणजे रोग बरा झाला, असें आजी म्हणते. तिला न दुखवितां, चार ओळींत कसें समजावाल?